मिनी टमी टक: जावेच्या पोटाला लागू पडली, तुमच्या पोटाला पडेल का?

नाशिकहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६३ किलो. दोन मुले, दोन्ही सिझेरियनने झालेली; धाकटे मूल चौदा महिन्यांचे असून अंगावर पाजणे तीन महिन्यांपूर्वी थांबले आहे. सिझेरियनच्या व्रणावर पोटाची वळी येऊन बसते, खाली बसल्यावर बेंबीच्या वरही एक वळी पडते, आणि अंथरुणातून उठताना पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा दिसतो. त्यांच्या धाकट्या जावेने दोन वर्षांपूर्वी ‘मिनी टमी टक’ (बेंबीखालची सैल त्वचा कापून पोट सपाट करण्याची शस्त्रक्रिया) करून घेतली आणि तिचे पोट पूर्वीसारखे सपाट झाले. म्हणून या ताईंनी दोन सर्जनना दाखवले. एकाने मिनी पुरेल असे सांगितले, दुसऱ्याने पूर्ण टमी टक केल्याशिवाय उपयोग होणार नाही असे सांगितले. कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून मला तुमच्यासाठी मिनी टमी टक योग्य वाटत नाही, आणि आज लगेच कोणतीच शस्त्रक्रिया करावी असेही वाटत नाही. हे मत तुमचे पोट प्रत्यक्ष हाताने तपासल्याशिवाय दिलेले आहे, त्यामुळे त्याला तेवढी मर्यादा आहे. मात्र ‘बेंबीच्या वरची वळी’ आणि ‘उठताना दिसणारा उभा उंचवटा’ या तुमच्या दोन वाक्यांत उत्तराचा मोठा भाग आलेला आहे. तो कसा, हे सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या भेटीत तुम्हाला डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता येतील.

सुटलेले पोट बाहेरून एकच दिसते, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: वरची त्वचा, तिच्याखालची चरबी, आणि त्याखालची स्नायूंची भिंत. गर्भारपणात या तिन्हींना ताण बसतो आणि बाळंतपणानंतर तिन्ही सारख्या प्रमाणात पूर्ववत होत नाहीत. एखादीची त्वचा सैल राहते पण स्नायू घट्ट होतात. एखादीची त्वचा छान आवळते पण स्नायूंमधली फट तशीच राहते. एखादीला या दोन्हींचा त्रास नसतो, नुसती चरबी साठलेली असते. शस्त्रक्रिया कोणती हे ठरवताना मी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहतो, आणि प्रत्येकीबाबत एकच प्रश्न विचारतो: दोष फक्त बेंबीच्या खाली आहे की वरही आहे? मिनी टमी टक ही बेंबीच्या खालची शस्त्रक्रिया आहे. तिच्याकडून बेंबीच्या वरच्या कामाची अपेक्षा केली की निराशा ठरलेली. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन ॲलन मॅटारासो यांनी काही दशकांपूर्वी पोटाची जी वर्गवारी मांडली, तिचा गाभाही हाच आहे: त्वचा, चरबी आणि स्नायू यांची अवस्था पाहून रुग्णांचे चार गट करायचे, आणि त्यानुसार नुसते लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणे), मिनी, मध्यम किंवा पूर्ण टमी टक यांपैकी एक निवडायचे. आज बारकाव्यांत फरक पडला असला तरी विचार करण्याची ती पद्धत मला अजून पटते.

मिनीमध्ये प्रत्यक्ष काय होते ते आधी पाहू. सिझेरियनच्या व्रणाच्या जागी, बहुतेक वेळा त्याच्याहून थोडी लांब, आडवी चीर घेतली जाते. तिथून वर बेंबीपर्यंत त्वचा व चरबी स्नायूंच्या आवरणापासून सोडवली जाते, सैल त्वचेची पट्टी कापून काढली जाते, गरज असल्यास बेंबीखालच्या स्नायूंना मध्यरेषेत टाके घालून जवळ आणले जाते आणि जखम शिवली जाते. बेंबी जागच्या जागी राहते, किंवा काही सर्जन तिचे मूळ आतून सोडवून तिला एक-दोन सेंटिमीटर खाली सरकू देतात. पूर्ण टमी टकमध्ये चीर एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जाते, त्वचा मधल्या भागात बरगड्यांच्या कडेपर्यंत सोडवली जाते, स्नायू वरपासून खालपर्यंत जवळ आणले जातात, आणि वरची त्वचा खाली ओढून घेतल्यावर बेंबीसाठी त्या त्वचेत नवीन छिद्र करावे लागते. म्हणजे ‘मिनी’ आणि ‘पूर्ण’ हे एकाच शस्त्रक्रियेचे लहान-मोठे माप नाही. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

तुमच्या जावेचे पोट मी पाहिलेले नाही, पण मिनीचा निकाल ज्यांच्यात चांगला लागतो त्या स्त्रियांचे वर्णन मी करू शकतो. बांधा मूळचा सडपातळ, वजन वर्षभर स्थिर, बेंबीच्या वर त्वचा घट्ट, स्नायूंत फट नाही किंवा असली तर फक्त बेंबीखाली थोडीशी. आणि तक्रार नेमकी एकच, की सिझेरियनच्या व्रणावर एक छोटी वळी येते आणि परकराची नाडी तिथे रुतते. या स्त्रियांना व्यायामाने फरक पडत नाही, कारण ती वळी चरबीपेक्षा सैल त्वचेची असते, आणि बऱ्याचदा व्रण आत स्नायूंच्या आवरणाला चिकटून बसल्याने वरची त्वचा त्यावर पायरीसारखी ओघळते. चिकटलेला व्रण सोडवला आणि ती पट्टी काढली की पोट खरोखर सपाट होते. अशी योग्य रुग्ण मिळाली की मी मिनी आनंदाने करतो. मात्र पोटाच्या तक्रारीसाठी येणाऱ्या स्त्रियांमध्ये अशा स्त्रिया फार थोड्या असतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

आता तुमच्याकडे येतो. स्नायूंपासून सुरुवात करू, कारण तुमच्या बाबतीत निर्णय तिथेच ठरेल असे मला वाटते. पोटाच्या समोर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत जाणारे दोन उभे स्नायू असतात आणि एक पांढरा चिवट पडदा त्यांना मध्ये जोडतो. गर्भ वाढतो तसा हा पडदा ताणून रुंद होतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत तो बराच आवळतो, पण अनेक स्त्रियांमध्ये पूर्ण आवळत नाही. दोन स्नायूंमधले अंतर सुमारे दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त राहिले तर त्याला आम्ही डायस्टॅसिस म्हणतो. उठताना तुम्हाला दिसणारा उभा उंचवटा बहुधा हाच आहे: स्नायू आवळले जातात आणि मधला सैल पडदा फुगून वर येतो. घरी एक साधी चाचणी करून पाहा. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बेंबीच्या वर चार बोटे जागा सोडून तिथे बोटांची टोके आडवी टेकवा आणि फक्त डोके व खांदे किंचित उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. त्यांच्यामध्ये दोन बोटांहून जास्त जागा असेल आणि बोटे आत दबत असतील, तर फट बेंबीच्या वरही आहे. हीच चाचणी बेंबीवर आणि बेंबीखाली करा. बहुतेक स्त्रियांमध्ये फट बेंबीपाशी आणि तिच्या वर जास्त रुंद असते, आणि मिनीच्या छोट्या चिरेतून नेमका तोच भाग नीट दिसत नाही व हाताला येत नाही.

तरीही मिनी केली तर काय होते, हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतो. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांना मोठा व्रण अजिबात नको होता. बेंबीच्या वर त्यांना फट होती हे मी टिपून ठेवले होते, पण ती फार नाही अशी मी माझी समजूत घातली आणि त्यांच्या आग्रहाला मान दिला. बेंबीखालचे स्नायू मी घट्ट आवळले आणि खालचा भाग छान सपाट झाला. परंतु खालची भिंत आवळल्यामुळे पोटातला दाब वरच्या सैल भागाकडे गेला, आणि तीन महिन्यांनी त्यांच्या पोटाचा वरचा भाग शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा अधिक पुढे दिसू लागला. “डॉक्टर, खाली गेलेले पोट वर आले,” एवढेच त्या म्हणाल्या. दीड वर्षानंतर पूर्ण टमी टक करावी लागली. खालची काही त्वचा पहिल्या वेळी काढून झाली होती, त्यामुळे वरची त्वचा खाली ओढताना ताण जास्त आला, आणि बेंबीच्या जुन्या छिद्राची जागा काढून टाकण्याइतकी त्वचा खाली न पोहोचल्याने तिथे एक छोटा उभा व्रण कायमचा राहिला. दोनदा भूल, दोनदा रजा, दोनदा खर्च, आणि शेवटी मूळच्यापेक्षा जास्त व्रण. त्या बाईंनी मला क्षमा केली. पण तेव्हापासून बेंबीच्या वर फट आढळली की केवळ व्रण लहान हवा या कारणासाठी मी मिनी करत नाही.

याचा अर्थ फट असलेल्या प्रत्येकीने शस्त्रक्रिया करावी असा नाही. तुमचे बाळंतपण चौदा महिन्यांपूर्वीचे आहे. या काळात खोल पोटस्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून केले असतील तर फटीचा परिणाम बराच कमी होऊ शकतो, आणि ज्यांनी ते केले नसतील त्यांना मी आधी तीन-चार महिने ते करायला सांगतो. घाईने सिट-अप्स (झोपून धड वर उचलण्याचा व्यायाम) करणे किंवा सरळ पाय उचलून पोटाचे व्यायाम करणे मात्र टाळावे, कारण त्याने मधला पडदा आणखी फुगतो. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट सुती कापडाने घट्ट बांधण्याची पद्धत आहे. त्याने आधार मिळतो, खोकताना व उठताना बरे वाटते, म्हणून मी तिला नावे ठेवत नाही. पण ताणलेला पडदा बांधण्याने जुळून येत नाही, तेव्हा ‘मी पोट नीट बांधले नाही म्हणून असे झाले’ हा अपराधभाव मनातून काढून टाका. तसेच सिझेरियनमुळे पोट सुटले हाही एक व्यापक गैरसमज आहे. सिझेरियनची आडवी चीर हर्मान फानेनश्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९०० साली वर्णिली, आणि तिच्यात हे उभे स्नायू कापले जात नाहीत, बाजूला सारले जातात. स्नायूंत फट पडते ती गर्भारपणात, आणि ती नैसर्गिक प्रसूती झालेल्यांनाही पडते. सिझेरियनचा हात असतो तो फक्त व्रणावरच्या पायरीसारख्या वळीपुरता.

त्वचेचे मोजमाप मी रुग्णाला उभे करून, बसवून आणि पुढे वाकवून करतो. पाण्यात सूर मारण्यापूर्वी वाकतो तसे कमरेत पुढे वाकले की पोटाची सगळी सैल त्वचा खाली लोंबते आणि ती कुठपर्यंत सैल आहे हे लपून राहत नाही. आरशात आपण सरळ उभे राहून, श्वास आत घेऊन पाहतो, त्यामुळे वरचा सैलपणा सहसा लक्षात येत नाही. तुम्ही बसल्यावर बेंबीच्या वर वळी पडते असे लिहिले आहे. नुसती वळी पडणे हा दोष नाही. सडपातळ मुलीलाही बसल्यावर एखादी वळी पडते. पाहायचे ते असे, की उभे राहिल्यावर ती वळी नाहीशी होते का, आणि बेंबीच्या वर त्वचा चिमटीत धरून खाली ओढली तर ती किती सहज सरकते. बेंबीच्या वरची त्वचा सुरकुतलेली असेल, स्ट्रेच मार्क्स वरपर्यंत गेले असतील, बेंबीच्या वरच्या कडेवर त्वचेची झापड आली असेल, तर मिनीने त्यातले काहीही जाणार नाही. मिनीत निघून जातात ते फक्त कापलेल्या पट्टीतले, म्हणजे व्रणाच्या लगत वरचे, स्ट्रेच मार्क्स.

बेंबीची उंची हा मुद्दा रुग्णांना सुचत नाही आणि घाईच्या तपासणीत डॉक्टरांकडूनही राहून जातो. बेंबी मुळात उंचावर असेल तर तिला आतून सोडवून दोन सेंटिमीटर खाली घेणे शोभून दिसते, आणि त्या वाटेने वरच्या स्नायूंना टाके घालण्याची काहीशी सोयही होते. ज्या सर्जनने तुम्हाला मिनी पुरेल असे सांगितले, त्यांच्या मनात कदाचित हीच पद्धत असेल. तसे असेल तर त्यांचे म्हणणे निराधार नाही. पण बेंबी आधीच खाली असेल, किंवा उंची कमी असल्याने बेंबी व व्रण यांतले अंतर कमी असेल, तर ती आणखी खाली ओढली की जननेंद्रियावरच्या केसांच्या रेषेजवळ येते आणि पोट विचित्र दिसते. हे नंतर दुरुस्त करणे अवघड आहे. त्यांना स्पष्ट विचारा: बेंबी सोडवणार का, किती खाली येईल, आणि वरची फट कुठपर्यंत शिवता येईल? या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांनी मोजपट्टी लावून दिली तर त्यांच्या मताचा पुन्हा विचार करावा, असे मी म्हणेन.

चरबीबाबत एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची: चिमटीत येणारी चरबी आम्ही काढू शकतो, आतड्यांभोवतीची चरबी काढू शकत नाही. पाठीवर झोपल्यावर पोट बरगड्यांच्या पातळीखाली आत जात असेल तर आतली चरबी फारशी नाही. झोपल्यावरही पोट घुमटासारखे वरच राहत असेल आणि चिमटीत थोडेसेच येत असेल, तर पोट आतून भरलेले आहे, आणि अशा पोटावर मिनीच काय, पूर्ण टमी टकही समाधान देणार नाही. उलट स्नायू आवळल्यावर आतला दाब वाढून श्वासाला त्रास होऊ शकतो. पुरुषांच्या पोटाची गोष्ट बहुतांशी हीच असते. वजनकाट्यावर विसंबून राहू नये यालाही आपल्याकडे खास कारण आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक) सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसत असतानाही आत चरबी बाळगून असतो, हे त्यातून दिसते. म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता मानतात, आणि स्त्रियांनी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा असे सांगितले जाते. तुमचा निर्देशांक सुमारे २५.४ येतो. शस्त्रक्रिया नाकारावी इतका तो जास्त नाही, पण चार-पाच किलो वजन कमी करून ते सहा महिने टिकवलेत तर निकाल चांगला लागेल आणि धोकाही कमी होईल. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू बाळंतिणीला प्रेमाने दिले जातात, ते देऊच नयेत असे मी म्हणत नाही. मात्र मूल वर्षाचे झाल्यावरही तोच आहार चालू असेल तर तो बदलायला हवा.

तुमच्या बाबतीत नुसते लायपोसक्शन पुरेल का, असा प्रश्न पुढे येईलच, म्हणून थोडक्यात: फट असताना आणि त्वचा सैल असताना चरबी उपसली तर रिकाम्या पिशवीसारखी त्वचा आणखी लोंबते. लायपोसक्शन घट्ट त्वचेला शोभते.

आता प्रकृतीविषयी. मिनी हा शब्द फसवा आहे, कारण चीर लहान असली तरी भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, त्वचेखाली पाणी साठणे, जखमेची कड काळी पडणे, ओटीपोटाची त्वचा काही महिने बधिर राहणे, आणि क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हे धोके मिनीतही असतातच. पूर्ण टमी टकपेक्षा कमी असतात इतकेच. शेवटचा धोका विरळ असला तरी जिवावर बेतणारा आहे. म्हणून घरात कुणाला गुठळीचा आजार झाला होता का, तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेता का, हे आम्ही विचारतो, आणि त्यावरून शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही ते ठरवतो. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी त्याचे कारण शोधून उपचार करावेत. दोन बाळंतपणे झालेल्या आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये ते कमी असणे इतके सर्रास आहे की अनेकींना थकवा हा आपला स्वभावच वाटू लागलेला असतो. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आल्याशिवाय मी तारीख देत नाही.

तंबाखूबद्दल मी वेगळे आणि एकांतात विचारतो. ‘सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बहुतेक स्त्रिया खरेच ‘नाही’ म्हणतात, पण मशेरी लावणाऱ्या अनेक असतात आणि तिला त्या तंबाखू समजतच नाहीत. निकोटीन हिरड्यांतून आले काय किंवा धुरातून आले काय, त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या ते आकुंचित करते. टमी टकमध्ये त्वचेचा मोठा भाग मुळापासून सोडवलेला असतो आणि तो उरलेल्या थोड्या रक्तवाहिन्यांवर जगतो. त्या आकुंचित झाल्या की जखमेची कड मरते आणि महिना-दोन महिने ड्रेसिंग चालते. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मशेरी पूर्ण बंद, ही अट मी कुणासाठीही सैल करत नाही. सासूबाईंसमोर सांगणे अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना फोनवर सांगा, पण सांगा.

पूर्वीच्या शस्त्रक्रियांचे व्रणही दाखवा. पित्ताशयासाठी उजव्या बरगडीखाली घेतलेली जुनी तिरकी चीर असेल तर तिच्याखालच्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि पूर्ण टमी टकमध्ये तो भाग धोक्यात येतो. अशा वेळी त्वचा कमी सोडवणारी शस्त्रक्रिया, प्रसंगी मिनीसुद्धा, अधिक सुरक्षित ठरते. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून बेंबीपाशी झाली असेल तर तिथे बारीक हर्निया आहे का ते पाहावे लागते, कारण बेंबीचा हर्निया दुरुस्त करणे आणि बेंबी भोवतीच्या त्वचेपासून सोडवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी केली तर बेंबीचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तुमच्या सिझेरियनचा व्रण कसा भरला, हेही मी पाहिले असते. तो जाड, लाल आणि खाजरा राहिला असेल तर नवीन व्रणही तसाच होण्याची शक्यता आहे, आणि आपल्या सावळ्या त्वचेत व्रण काळसर राहण्याचे प्रमाण जास्त असते. हे सांगितल्यावरही ज्यांना तो व्रण मान्य असतो, त्यांनीच पुढे जावे.

तिसरे मूल हवे का, याचे उत्तर घरात ठरलेले असावे. टमी टकनंतर गर्भधारणा धोक्याची नसते, पण आवळलेला पडदा पुन्हा ताणतो आणि केलेले काम वाया जाते. ‘पुढच्या सिझेरियनच्या वेळीच पोटही आवळून द्या’ अशी विनंती मला दरवर्षी कुणीतरी करते. प्रसूतीच्या वेळी पोटाची त्वचा पाण्याने फुगलेली आणि स्नायू पूर्ण ताणलेले असतात, त्यामुळे किती कापायचे आणि किती आवळायचे याचा अंदाज येत नाही. त्यातच बाळंतिणीला गुठळीचा धोका मुळातच जास्त असतो. या विनंतीला माझे उत्तर नेहमी नकाराचेच असते. अंगावर पाजणे थांबून सहा महिने होऊ द्यावेत, कारण संप्रेरके स्थिरावल्यावरच वजन आणि त्वचा आपली खरी अवस्था दाखवतात. तुमचे तीनच महिने झाले आहेत.

हे कुणासाठी करायचे आहे, हा प्रश्नही मी रुग्णाला नवऱ्याला बाहेर बसवून विचारतो. नवरा काही बोलला म्हणून, नणंदेच्या लग्नात उठून दिसावे म्हणून, किंवा जावेचे झाले म्हणून केलेली शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या चांगली झाली तरी मनाला पुरत नाही, असे मी पाहिले आहे. उलट ‘मला माझे पोट ओळखीचे वाटत नाही, वाकताना जड वाटते, सलवार घालताना दरवेळी त्रास होतो’ असे शांतपणे सांगणाऱ्या स्त्रिया व्रणासकट समाधानी राहतात. पाठदुखी थांबेल या एकाच आशेने येणाऱ्यांना मी आवर्जून थांबवतो. मोठी फट शिवल्यावर काहींची पाठदुखी कमी होते हे खरे, पण पाठीची कारणे अनेक असतात आणि तसे आश्वासन देणे योग्य नाही.

व्यवहाराचेही थोडे सांगतो. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही, आणि ‘कागदावर हर्निया दाखवा’ अशी सूचना कुणी केली तर त्या ठिकाणाहून निघून यावे, कारण तुमच्या कागदपत्रांत खोटे लिहिणारा माणूस तुमच्या पोटावरही शस्त्र चालवणार असतो. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, वैद्यक परिषदेकडे तिची नोंद आहे का, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ उपस्थित असतील का, आणि गरज पडल्यास अतिदक्षता विभाग जवळ आहे का, हे विचारण्यात संकोच नको. घरी चौदा महिन्यांचे मूल आहे; मिनीनंतरही निदान चार आठवडे, आणि स्नायू शिवले असतील तर सहा आठवडे, त्याला कडेवर उचलता येणार नाही. पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, बादली यांनाही हात लावता येणार नाही. पोटाला दाबाचा पट्टा तितकाच काळ लागतो. आई किंवा सासूबाई दीड महिना घरी राहू शकतील असा काळ निवडा, आणि उन्हाळा शक्यतो टाळा, कारण घामात पट्टा असह्य होतो आणि त्वचेला पुरळ येते.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम सुरू करा, चार-पाच किलो वजन कमी करा, ते सहा महिने टिकवा आणि मग पुन्हा दाखवा. तेव्हा बेंबीच्या वर फट दोन बोटांहून कमी झाली असेल, वरची त्वचा चिमटीतून सहज सरकत नसेल आणि उरलेली तक्रार फक्त व्रणावरच्या वळीची असेल, तर पहिल्या सर्जनचे म्हणणे बरोबर ठरेल आणि मिनी करावी. फट तशीच असेल आणि तिचा त्रास होत असेल तर दुसऱ्या सर्जनच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण टमी टक करावी, आणि कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंतचा व्रण मान्य नसेल तर काहीच करू नये. तोही पूर्णपणे शहाणपणाचा निर्णय आहे, आणि मधला मार्ग म्हणून मिनीकडे वळण्यापेक्षा कितीतरी चांगला. पुन्हा भेटीला जाण्यापूर्वी पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी करून घ्या. रेडिओलॉजिस्टना सांगा की नेहमीची पोटाची सोनोग्राफी नको आहे. दोन उभ्या स्नायूंमधले अंतर बेंबीच्या वर, बेंबीपाशी आणि बेंबीखाली, स्वस्थ झोपलेले असताना आणि डोके उचललेले असताना, सेंटिमीटरमध्ये लिहून हवे आहे, आणि बेंबीपाशी व जुन्या व्रणापाशी हर्निया आहे का तेही पाहायचे आहे. तो कागद दोन्ही सर्जनना दाखवा.